झरीच्या अलीकडे थांबलेली मोटार

॥ श्री ॥
परभणी, पौष वद्य पंचमी, फसली सन १३४८

तीर्थरूप आबासाहेब मामांच्या पायांवर भाचा बन्सीधर याचे डोके, आणि सौ. मामींच्या पायांवरही तेच (एकच आहे, आळीपाळीने ठेवतो). थंडीत आपला गुडघा कसा आहे? पालमच्या वैद्यांचा लेप आपण गुडघ्याला लावता की नुसता कोनाड्यात ठेवून त्याच्याकडे बघता, हे मामींनी कळवावे. इकडे सर्व खैरियत आहे. यातला ‘सर्व’ हा शब्द मी सात महिन्यांनी खरेपणाने लिहितो आहे, कारण सौ. अंबिका घरी आली. आपण मोठ्या मनाने मोटार दिलीत, वर लिंबाजी ड्रायव्हर दिलात. ‘वालूरला सकाळी जातो नि सांजेला गाडी परत पाठवतो’ असा शब्द मी दिला होता. त्या एका दिवसाचे तीन दिवस कसे झाले आणि मागच्या मडगार्डला पोचा कुठून आला, एवढाच खुलासा करण्यासाठी हे पत्र. मजकूर थोडा लांबेल. (मामींनी वाचून दाखवावे. आपण मधेच टाकून देता.)

सौ. माहेरी का गेली होती, हे आपल्याला तिच्या बाजूने कळले आहे, माझ्या बाजूने नाही. आषाढात आम्ही दोघे हिंगोलीला एका बारशाला निघालो होतो. पूर्णेला गाडी बदलावी लागते. मी मदरशात जुगराफिया, म्हणजे भूगोल, शिकवतो. पूर्णा जंक्शन नकाशावर डोळे मिटून दाखवीन. पण त्या दिवशी रुळांच्या वर एक ढग असा काही लांबट पसरला होता की त्याच्या खाली आणखी एक रेल्वे असावी आणि आपली गाडी ही तिची सावली असावी, असे काहीसे माझ्या मनात चालले होते. त्याच तंद्रीत मी ट्रंक उचलली, उतरलो, हिंगोलीच्या गाडीत खिडकीशी जागा धरली. वसमतला तिकीट तपासनीसाने दोन तिकिटे पाहून दुसरे माणूस कुठे आहे म्हणून विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की दुसरे माणूस नांदेडच्या वाटेवर आहे. नांदेडात स्टेशनमास्तरांच्या घरच्यांनी तिला जेवू घातले, ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी ती उलट्या गाडीने निघाली. वाटेत परभणी आले. तिने ते खिडकीतून पाहिले आणि उतरली नाही. थेट सेलू, आणि तिथून बैलगाडीने वालूर, माहेर. नंतर मी तिला अकरा पत्रे पाठवली. सगळ्यांत त्या ढगाचे वर्णन होते. एकाचेही उत्तर आले नाही.

तर परवा आपली मोटार वालूरच्या वेशीतून आत गेली तेव्हा निम्मा गाव मागे धावत होता. सासरे माणिकराव यांनी मोटारीला नमस्कार केला, मला केला नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी एवढेच सांगितले की पौषात लेक धाडत नसतात, माघात बघू. मी मान हलवली. पौष काय नि माघ काय, सात महिन्यांत एक महिना कुठे खपतो, असे म्हणून झोपलो. सकाळी उठून बघतो तर सौ. मोटारीच्या मागच्या बाकावर ट्रंक शेजारी घेऊन, तोंड दुसरीकडे करून बसलेली. तिच्या वडिलांना काही म्हणायला जागाच उरली नाही. तिने मला मात्र एका शब्दानेही विचारले नाही. मी लिंबाजीच्या शेजारी पुढे बसलो आणि निघालो.

झरीच्या थोडे अलीकडे एक ओढा आहे. तिथे समोरून कडब्याच्या दोन गाड्या आल्या. त्यांना वाट द्यायला लिंबाजीने मोटार मागे घेतली, ती जरा जास्तच मागे गेली, ओढ्याच्या काठच्या बांधावर मागून बसली (पोचा इथला), आणि एक मोठा उसासा टाकून बंद पडली. कडब्याच्या गाड्या निघून गेल्या. आम्ही मोटार पुढे ढकलून रस्त्यावर घेतली. पण ती सुरू होईना.

मामा, लिंबाजीने केलेले उपचार मी ओळीने सांगतो, म्हणजे त्याची कसूर नव्हती हे कळेल. आधी त्याने हँडल मारले. मग मी मारले. (माझे मनगट अजून सुजलेले आहे. अक्षर वाकडे आले असेल तर त्यामुळे.) मग त्याने टाकीत ज्वारीचा धांडा बुडवून पेट्रोल मोजले, ते वीतभर होते. मग प्लग काढून, धोतराच्या सोग्याने पुसून, उन्हात ओळीने वाळत ठेवले, सांडगे ठेवावेत तसे. मग बोंडल्यासारखा एक पितळी भाग काढून त्यात फुंकर मारली. मग पाणी पाजले. मग बॉनेटवर हात फिरवून तिच्याशी फार हळू आवाजात बोलला. लिंबाजी आपल्याकडे येण्याआधी बैल राखायचा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी उर्दूतली मोटारीची एक पुस्तिका वाचली आहे, तिच्यातले दोन-तीन शब्द मी त्याला सांगितले. “मालक,” तो म्हणाला, “तिला उर्दू समजत न्हाई. समजत आसती तर एव्हाना उठली आसती.” आणि तो मोटारीखाली जाऊन उताणा पडला. पुढे बराच वेळ तिथून काही आवाज आला नाही.

मामा, त्या जागेचे काय सांगू. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी, कणसे भरलेली. वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे रान सळसळत कूस बदलायचे. उन्हाला हुरड्याचा वास होता. मधे एक माळा, आणि त्यावर बायनाबाई नावाची म्हातारी गोफण घेऊन पाखरे राखत होती. तिने वरूनच सौ.ला हाक दिली, “ये गं बाई, त्या लोखंडाला काय बघायलीस? हुरडा भाजलाय, चार दानं खा.” सौ. उतरली, माझ्याकडे न बघता ज्वारीत शिरली, आणि तिचे जांभळे लुगडे दिसेनासे झाले. मी लिंबाजीच्या जागेवर जाऊन बसलो. समोरच्या काचेतून ज्वारी हलत होती, तेव्हा वाटले की मोटारच चालली आहे. आवाज नाही, धूळ नाही, नुसती चालली आहे. अशा मोटारीतून माणूस कुठपर्यंत जाईल याचा विचार करता करता माझा डोळा लागला.

स्वप्नात मी आगगाडीत होतो आणि फलाटावरून सौ. ट्रंक घेऊन चालली होती. मी हाका मारत होतो. तिला एक ढग दिसला होता, त्याच्याकडे बघत ती पुढे पुढे चालली होती. माझी गाडी हलली. मी इतका घाबरलो, मामा, की सांगता येत नाही. गाडीने शिटी दिली ती थांबेचना. ती शिटी आपल्या मोटारीचा भोंगा होता. माझे कपाळ चक्राच्या मधल्या बटणावर टेकले होते.

डोळे उघडले तर ज्वारी दुभंगून सौ. धावत येत होती. पदरात हुरडा, तो वाटभर सांडत होता. “काय झालं? काय झालं तुम्हाला?” सात महिन्यांतले तिचे हे पहिले शब्द. मी अजून अर्धा झोपेत होतो. म्हणालो, “तू उतरलीस आणि मी गाडीतच राहिलो. फार भ्यालो गं. नांदेडपर्यंत एकटी कशी गेलीस तू?”

ती मोटारीच्या पायरीवर मटकन बसली. पदरात उरलेला हुरडा सावरला. मग म्हणाली, “अकरा पत्रं पाठवली तुम्ही. हे एकात तरी विचारलंत?”

खरेच विचारले नव्हते. मग मी तिच्या शेजारी खाली पायरीवर बसलो आणि तिने सांगितले. तिकीट नाही, ट्रंक नाही, शेजारी कोणी नाही. आधी तिला रडू आले. मग बाहेर पाऊस उतरलेली शेते दिसली आणि रडू थांबले. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण ती खिडकीशी कधी बसली नव्हती, कारण खिडकीशी मी बसतो. “एक सांगू?” ती म्हणाली. “पूर्णेला तुम्ही मला हाक मारली होती. ‘चल’ म्हणाला होतात. मला ऐकू आलं होतं.”

“मग?”

“तुम्ही उठलात आणि खिडकी रिकामी झाली. म्हटलं, घटकाभर बसावं. तेवढ्यात गाडी हलली. तुम्ही मागं वळून बघाल वाटलं होतं.”

माझ्या अकरा पत्रांत मी तिला विसरल्याची माफी मागितली होती. मी तिला हाक मारली होती, हेच मी विसरलो होतो. आणि मागे वळून बघितले नाही, त्याची माफी मागायची राहून गेली होती. ती मी तिथे, ओढ्याकाठी, मागितली. ती हसली. उरलेला हुरडा तिने माझ्या ओंजळीत ओतला. मोटार सुरू न झाली तर बरे, असे त्या वेळी माझ्या मनात आले, हे मी आपल्यापासून लपवत नाही.

पण बायनाबाई सांडलेला हुरडा वेचत वेचत आमच्या मागे आली होती, आणि मोटारीच्या पाठीमागे येऊन थांबली. ढकलून झाल्यापासून आम्ही सगळे मोटारीच्या तोंडाशी होतो, मागे परत कोणी गेलेच नव्हते. “अगं बाई,” ती सौ.ला म्हणाली, “हिचं धुराडं तर मातीनं बुजलंय. धूर जायाला वाट न्हाई, मंग चूल पेटंल कशी?” सौ.ने वाकून बघितले. बांधावर बसताना धुराची नळी ओल्या काळ्या मातीत रुतली होती आणि आत ती माती उन्हाने वाळून घट्ट झाली होती. दोघींनी खुरप्याने ती कोरून काढली. लिंबाजी मोटारीखालून बाहेर आला, म्हणाला, “म्या तेच सांगणार व्हतो,” आणि हँडल मारले. नळीतून उरलेले ढेकूळ सुटले, ठो करून आवाज झाला, आणि म्हातारीने दिवसभर गोफणीने उडवली नसतील एवढी पाखरे ज्वारीतून एकदम वर उठली. आम्ही चौघेही वर बघत उभे राहिलो.

घरी येताना मी मागच्या बाकावर बसलो. खिडकीशी नाही.

आपले उपकार फार झाले. मोटार पुसून, पेट्रोल भरून, लिंबाजीच्या हवाली करून आजच पालमला पाठवत आहे. लोभ वाढता ठेवावा, मडगार्डाकडे फार निरखून बघू नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
बन्सीधर

ता. क. वर मोटार पाठवत असल्याचे लिहिले आहे, ते सकाळी लिहिले. आता लिंबाजी हे पत्र घेऊन भाड्याच्या सर्व्हिस मोटारीने येत आहे. आपली मोटार आमच्या दारात आहे. संक्रांत चार दिवसांवर आली. गल्लीतल्या बायकांना सौ.ने मोटारीत हळदीकुंकू करण्याचे आमंत्रण देऊन टाकले आहे. एका वेळी चौघी बसतील, वेशीपर्यंत फेरी होईल. सत्तावीस बायका झाल्या, आणि मागच्या गल्लीत अजून कळलेले नाही. तरी हळदीकुंकवाचे दिवस संपेपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत, मोटार इथेच राहू द्यावी, ही मुख्य विनंती. बाकीचे पत्र नाही वाचले तरी चालेल.

आणखी ता. क. मोटार सुरूच होत नाही, असे लिंबाजी आपल्याला तोंडी सांगेल. ते त्याला मी पढवले आहे, त्याच्यावर रागावू नये. लिहिताना मात्र मला आपल्याशी खोटे बोलवले नाही. मोटार आज सकाळी एका हँडलात सुरू झाली. त्या वेळी लिंबाजी ओट्यावर चहा पीत होता, आणि माझे मनगट, वर लिहिल्याप्रमाणे, सुजलेले आहे.