हुल्डाआत्याच्या नावे कुरण

स्वस्ति! वाळूटेकड्यांवरील अनंत तृणसागराचे अधिपती, गोवंशाचे प्रतिपालक व (खेदपूर्वक) विक्रेते, तारकुंपणविद्याविशारद, शाळामंडळाच्या निवडणुकीत त्रिवार पराभूत तथापि अजिंक्यवृत्ती, ग्राम अग्निशमन मंडळाचे आजन्म उपचिटणीस, श्रीमान वेंडेल ऑगस्ट ड्रायर यांजकडून समस्त संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण जे वाचल्यावाचून राहणार नाहीत त्यांस विशेषत्वाने:

मी, उपरोक्त वेंडेल, वय चोपन्न, अविवाहित, राहणार ड्रायर रँच, नेब्रास्का, माझी बुद्धी जन्मतः जितकी शाबूत होती तितकी आजही शाबूत असताना, कोणाच्याही दडपणावाचून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. हृदयाविषयी मात्र अशी ग्वाही देता येत नाही. शहरातल्या डॉक्टरांना मी पुढल्या वसंतात होणाऱ्या वासरांविषयी सांगू लागलो, तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले.

कलम पहिले. माझ्या नावावरील सर्व जमीन, घर, गोठे आणि गुरे मी माझी आत्या कुमारी हुल्डा ड्रायर हिला निरपवाद मालकीहक्काने देत आहे.

कारणमीमांसा अशी. आजोबांनी जमीन मुलाला दिली आणि मुलीला शिवणयंत्र. पुढे घोड्यावरून पडून माझ्या वडिलांची पाठ मोडली, आणि तेव्हापासून हे रँच आत्यानेच चालवले. ज्यावर तिचे नाव आहे असे कागद या घरात दोनच: बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिवणयंत्राची हमी. एकोणीसशे एकोणपन्नासच्या हिमवादळात शाळेतला कोळसा संपला, तेव्हा गवत वाहायच्या घसरगाडीत बारकी पोरे भरून तिने या घरी आणली आणि वादळ ओसरेपर्यंत सांभाळली. त्यांपैकी एक प्रस्तुत लेखक. बर्फ किती पडले ते मला आठवत नाही. तिच्या कोटाला येणारा गुरांचा वास आठवतो. पंचक्रोशीत कोणाची गाय अडली, कोणाचा नवरा गेला, कोणाच्या वासरांना डाग द्यायला माणूस कमी पडले, तर आत्या निरोपाची वाट न पाहता हजर. आगीचा ट्रक तर ती इतकी वर्षे हाकते आहे, की तो रस्त्याने जाताना दिसला की लोक ट्रकला हात करत नाहीत, तिला करतात.

कलम दुसरे. माझा कनिष्ठ बंधू कर्टिस, राहणार ओमाहा, यास आजोबांचे खोगीर आणि माझे प्रेम. जमीन नाही. हा कागद झाला नसता तर कायद्याने ती त्याचीच झाली असती, आणि त्याचे बेत मी फोनवर ऐकले आहेत.

"दादा, आत्याला गावात छानशी खोली घेऊन देऊ. जमीन बदकांच्या शिकाऱ्यांना विकू. ते बंगले बांधतील."

"तिला विचारलंस?"

"ती नाहीच म्हणणार ना! म्हणून तर विचारत नाही."

तो दुष्ट नाही. त्याला फक्त गवत दिसत नाही.

कलम तिसरे. आत्याचा सत्कार कोणीही, कधीही, कोणत्याही निमित्ताने करू नये. नवख्या वाचकांसाठी खुलासा: काही वर्षांपूर्वी चार जुलैच्या स्वातंत्र्यदिन मिरवणुकीत तिला आगीच्या ट्रकवर बसवून गौरव करण्याचे अग्निशमन मंडळाने ठरवले. टाकीतले पाणी हिंदकळून वाजंत्रीवाल्यांचे गणवेश भिजतील म्हणून टाकी रिकामी करण्यात आली. ठराव एकमताने संमत झाला. भाषण रंगात आले असतानाच पश्चिमेला वीज पडली आणि धूर दिसला. आत्याने कागदी फुलांसकट ट्रक पळवला, आम्ही सारे टाळ्या वाजवत मागोमाग. तिने नळी उघडली. नळीतून नुसता वारा आला.

आम्ही ओल्या पोत्यांनी आग बडवली. माणूस दगावला नाही, पण माझे वर्षाचे गवत गेले. काजळलेल्या तोंडाने आत्या एवढेच म्हणाली, "सत्कार झाला ना माझा? मग आता पाणी भरा."

म्हणून हा कागद सत्कार नव्हे. ही दुरुस्ती आहे.

कलम चौथे. आत्याने "मला कशाला, मी आता शहात्तरची" असे म्हणून ही मालमत्ता नाकारल्यास ती तत्काळ कर्टिसकडे, म्हणजे पर्यायाने बदकांच्या शिकाऱ्यांकडे जाईल. हे धमकीवजा कलम आहे याची मला पूर्ण जाणीव आहे.

कलम पाचवे. तार ताणायचे यंत्र माझे शेजारी लाडी पॉस्पिशिल यांस. ते कित्येक वर्षे त्यांच्याच पडवीत असल्याने वेगळ्या हस्तांतराची गरज नाही.

कलम सहावे. बँकेतील शिल्लक माझ्या अंत्यविधीवर व त्यानंतरच्या जेवणावर खर्च व्हावी. शाळेच्या बाई बर्निस मॅकगिन यांनी जेलीत गाजर घातलेला तो पदार्थ आणू नये. मी विरोध करण्याच्या स्थितीत नसेन, याचा गैरफायदा घेतला जाऊ नये.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, न खोडता सही केली.

वेंडेल ऑगस्ट ड्रायर
साक्षीदार: लाडी पॉस्पिशिल, बर्निस मॅकगिन (कलम सहाविषयी निषेध नोंदवून)
ड्रायर रँच, दि. ९ ऑक्टोबर १९९७

सह्यांनंतरची नोंद, कायद्याने निरर्थक:

साक्षीदारांच्या सह्यांची शाई वाळते आहे तोच आत्या गोठ्यातून आत आली आणि बूट न काढता, उभ्याउभ्या सगळे वाचू लागली.

"अरे मेल्या..." एवढे म्हणाली, आणि त्या शब्दावरच थांबली. बर्निसबाई खिडकीकडे वळल्या.

"अजून नाही, आत्या," मी म्हणालो.

"मग कॉफी पी. गार होतेय."

तिने चौथे कलम दोनदा वाचले. मग टोपी काढून खुंटीला लावली.

"नाकारतेय कोण? जमीन माझीच होती, वेंडेल. कागद उशिरा आला."

तिने त्या कागदावरून तळवा फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवते तसा.

"आणि माझी आहे तर ऐका. उत्तरेच्या कुरणातली पवनचक्की करकरतेय. वर चढून ग्रीस कोण लावणार? ह्याला डॉक्टरनं चढायला मना केलंय, माझा गुडघा वर नेत नाही, आणि हा लाडी उंचीला घाबरतो."

"घाबरत नाही, हुल्डाबाई. मला चक्कर येते."

"जमिनीवर आपटल्यावर फरक कळतो का रे?"

"मग बर्निसबाईंना पाठवा!"

"मी शाळा चालवते," बर्निसबाई म्हणाल्या, "सर्कस नाही."

या मुद्द्यावर एकमत होऊ शकले नाही. हे लिहीत असतानाही ती करकर येथवर ऐकू येत आहे.