तिसऱ्या पिंजऱ्यातली हाक

३ जून
आज डासघरात रुजू झाले! बाकीचे लोक डास मारतात, आपण पाळतो, असं म्हणत इथल्या प्रमुख, मोठ्या बाईंनी हसून स्वागत केलं. भिंतीलगत पांढऱ्या जाळीचे पिंजरे, हवा दमट, उबदार. या डासांच्या अंगात एक जीवाणू सुखाने नांदतो. तो असला की डेंग्यूचा विषाणू त्यांच्यात वाढत नाही. आईच्या अंड्यांतून तो पिल्लांत जातो, म्हणून हे डास शहरात सोडायचे. माझं काम माद्यांना जेवू घालायचं: कापडी बाहीतून पिंजऱ्यात हात घालून बसायचं. घरी सांगितलं तर हे म्हणाले, चला, कुणीतरी तुझ्या हातचं आवडीने खातंय! खूप दिवसांनी दोघं हसलो.

११ जून
बाईंनी विचारलं, हीच नोकरी का? सांगितलं. गेल्या वर्षी आमची ढमी डेंग्यूने गेली, चार वर्षांची. दुसऱ्या कुणाची जाऊ नये. बाईंनी माझा हात जवळ ओढला. त्यावर डास चावून उठलेल्या गांधींवर मलम लावत राहिल्या.

१९ जून
तिसऱ्या पिंजऱ्यातल्या माद्या हातावर बसून नुसत्या गुणगुणतात. आज त्यात स्पष्ट ऐकू आलं: आई. शेजारच्या तंत्रज्ञाला काहीच ऐकू आलं नाही.

२४ जून
ढमीच. तिला र म्हणता यायचा नाही. म्हणते, घली ने.

२७ जून
तपासणीत तिसऱ्या पिंजऱ्यात जीवाणू सापडलाच नाही. म्हणजे साधे डास, रोग पसरवू शकणारे. बाई म्हणाल्या, फ्रीझरमध्ये ठेवून मारून टाक. मी फ्रीझरमध्ये रिकामाच पिंजरा ठेवला. भरलेला पिशवीत घालून घरी आणला.

१ जुलै
हे आधी खूप ओरडले, आत्ताच्या आत्ता परत नेऊन दे म्हणून. मग त्यांनाही ऐकू आलं. पिंजऱ्यापुढे फतकल मारून लहान मुलासारखे रडले. आता स्वतःचाच हात घालून बसतात.

६ जुलै
बाहीची गाठ सैल राहिली. काही माद्या उडाल्या. खालच्या मजल्यावरचा शिंपी डेंग्यूने पडून आहे — संध्याकाळी त्या परत आल्या, पोटं लाल. ह्यांनी त्यांना आत घेतलं. म्हणाले, आपलीच आहे ना.

२४ जुलै
ह्यांना ताप. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, पोरीला एकटी टाकून?

२९ जुलै
हे गेले.

३१ जुलै
गेल्या आठवड्यात पुन्हा काही माद्या खाली जाऊन आल्या होत्या; आता शिंप्याच्या नातीला ताप. एवढीशी पोर. आणखी नको — कुणाचीच नको —
पिंजरा फ्रीझरमध्ये ठेवला. फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसलेय.
आतून — आई, थंडी वाजते —
नाही. नाही उघडणार.
आई —
आता ह्यांचाही आवाज. म्हणतात, अगं, तिला काहीतरी पांघरायला तरी —
नुसतं पांघरूण. दार अगदी जरासंच —