आधी तोंड, मग पोट

प्रिय भडक्या,

कारखान्यातले आपले घड्याळसाहेब आज सकाळी शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. जीव वाचला, पण जबडा तीन जागी मोडलाय, दीड महिना तारेने बांधून ठेवणार. बाबा त्याच मजल्यावर आहेत. त्यांचा उजवा डोळा गेला. डावा शाबूत आहे.

कोठडीत तुला जेवण नीट मिळतं का? वकील म्हणाले, तू ताठ मानेने बसलायस. "माझ्या बापाचा डोळा फोडला, मी त्याचं थोबाड फोडलं, फिट्टंफाट," असं म्हणालास म्हणे. लहानपणी शेजारच्या पोराचा दात पाडून आलास तेव्हाही हेच म्हणाला होतास. बाबा तेव्हा हसले होते. म्हणाले होते, हा भडक्या झटकन तापतो आणि झटकन निवतो, याच्यात लपून काही राहत नाही. जपायचं ते ताईपासून, ती हळूहळू गार होते.

ते त्यांच्या मशीनमधल्या मालाची उपमा देत होते. बाटल्यांचा आपला हा प्लास्टिकचा माल वितळवून झटकन गार केला तर काचेसारखा आरपार राहतो, म्हणून तर साच्यातून गार पाणी फिरवायचं. रेंगाळत गार झाला की आतून कण रांगा लावून बसतात, पांढराफटक दगड होतो, आणि मग अडीचशे अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. त्या दिवशी दोन तास वीज नव्हती. नोझल, म्हणजे मशीनचं तोंड, थंड साच्याला टेकलेलं राहिलं आणि त्याच्या तोंडात तसाच पांढरा बूच बसला. वीज आल्यावर काय करायचं, हे बाबांनी आपल्याला पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं: आधी तोंड, मग पोट. नोझल साच्यापासून मागे घ्या, ते तापवा, थेंब गळू द्या, मगच मागच्या नळीचे, म्हणजे पोटाचे, हीटर लावा. उलटं केलंत तर पोटात वाफ कोंडेल आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखा सुटेल.

सुटलाच. बाबा नोझलपाशी वाकून बघत होते. बूच डोळ्यावर बसला, मागून उकळता माल गालावर आला आणि चिकटला. मी तो ओढला. ओढायला नको होता. त्याच्याबरोबर कातडी आली. तेवढ्यात तू पाना उचललास. साहेब सकाळपासून घड्याळ दाखवत "आटपा, आटपा" करत होते, म्हणून तुला वाटलं हीटर त्यांनीच लावले. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा जबड्यावर. तिसरा ते खाली पडल्यावर. तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, भडक्या. एक शब्द बोलले असते तर तिसरा तरी चुकला असता.

आज साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी कागद मागितला. मला वाटलं, शिव्या लिहितील. त्यांनी लिहिलं, "हीटर कोणी लावले?" त्यांची बायको माझ्याकडे बघत होती. मी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि बाबांकडे गेले. ते पट्टीआडून एवढंच म्हणाले, "मी म्हातारा, मीच चुकलो असं सांगतो. तू गप्प राहा." म्हणजे त्यांनी मला बघितलं होतं.

हीटर मी लावले. नळी मोठी, तापायला वेळ घेते. नोझल एवढंसं, ते तापेलच मागाहून. पाऊण तास वाचेल म्हणून आधी पोट तापवलं. उद्या फौजदार तुझा जबाब घेऊन येतील. वकील म्हणाले, त्यात लिहिलंय की साहेबांना बटण दाबताना तू डोळ्यांनी पाहिलंस. त्यावर सही करू नकोस. सोमवारी दहा वाजता कारखान्याचे तपासनीस मशीनपाशी येतील, तिथे मी सांगणार आहे. त्याआधी साहेबांच्या कागदावर प्रश्नाखाली उत्तर लिहून तो त्यांना परत देईन. तू सुटलास की आधी माझ्याकडेच येशील, फिट्टंफाट करायला. दाराला कडी नसेल.

तुझीच,
ताई