पुढल्या सालचा बोकड

माय, हे लिहितोय तेव्हा माझ्या उजव्या पायाला दोरी बांधलेली आहे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक बोकड आहे. खुंटा मिळाला नाही म्हणून पायालाच बांधली. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, त्याला पाणी दाखवलं का, आणि मग, तू जेवलास का. क्रम असाच असायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, बापाला वाटायचं. त्याला पाणी दाखवलंय आणि मी एका घरी कळण्याची भाकर खाल्ली आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी तू निश्चिंत अस.

मी काय काय करतो हे तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर मी घरात टिकलोच नाही. जळगावला पाइपांच्या कारखान्यात पाइप उचलले, शिरपूरकडे एका हॉटेलात भट्टी सांभाळली, एका लगीनसराईत बँडवाल्यांबरोबर झांजा वाजवल्या, केळीच्या ट्रकवर क्लीनर झालो. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. एका जागी बसलो की मागून कोणी हाक मारतंय असं वाटतं, आणि उठून चालायला लागलो की हाक थांबते. आतापर्यंत धुळ्याला बकऱ्यांच्या एका व्यापाऱ्याकडे होतो. बाजारातली जनावरं ट्रकमध्ये चढवायची, वाटेत पाला टाकायचा, उतरवायची. होतो म्हणतो, कारण ते काम सोडलं. कशामुळे सोडलं तेच सांगायचंय, पण मला मागून सुरू करावं लागेल.

तुझी चूल आठवते का तुला? मला आठवते. चुलीच्या डाव्या हाताला लाकडं, उजव्या हाताला पाटीत पिल्लं. थंडीत व्यालेल्या शेळीची पिल्लं तू पाटीत गोणपाट घालून चुलीपाशी ठेवायचीस आणि भाकर थापता थापता त्यांच्याकडे बघत बसायचीस. मला वाटायचं माय लाड करतेय. तू तर निवड करत होतीस. कोणतं पिल्लू आधी उठतं, कोणतं पडलं तरी पुन्हा उठतं, कोणाला आचळ दाखवावं लागतं, हे सगळं तुझ्या डोक्यात बसायचं. या शेळ्या तुझ्याच होत्या. तुझ्या माहेरून लग्नात आलेल्या एका काळ्या शेळीचा हा सगळा पसारा, गळ्याखाली दोन लोंबती बोटं असलेल्या शेळ्यांचा. ती बोटं आमच्या घरचा शिक्का आहे असं मी पोरांना सांगायचो. एकदा आरशात माझा गळाही पाहून घेतला होता.

गावात सगळ्यांचं उलटं चालायचं आणि कोणाला ते उलटं वाटत नव्हतं. गटातलं सगळ्यात देखणं, थोराड बोकडाचं पिल्लू आधी विकलं जायचं, कारण गिऱ्हाइकाचा हात त्याच्याच पाठीवर पडतो. उरलेल्यातलं जे अंगानं बरं ते नवसाला राखलेलं. तेही गेलं की मागे राहायचा तो लंगडा नाहीतर मरतुकडा, ज्याला कोणी विचारलं नाही. तोच मग गल्लीभर हिंडायचा आणि पुढल्या सालच्या सगळ्या पिल्लांचा बाप व्हायचा. आणि माणसं ओट्यावर बसून म्हणायची, आजकाल शेळ्यांमध्ये पहिल्यासारखा दम राहिला नाही. तू ऐकायचीस आणि पदर दातात धरून हसायचीस.

तू चांगला राखायचीस. तो राखतानाही त्याच्या अंगाकडे नंतर बघायचीस, आधी त्याच्या मायकडे. तिला जुळी होतात का, धार काढताना ती उभी राहते का, आणि तुझी खास आवड, दुसरीचं पोरकं पिल्लू लुचायला आलं तर ती लाथ मारते की मान वळवून वास घेते. वास घेणारीचा पोरगा तू खच्ची करू द्यायची नाहीस. शेजारची अक्का म्हणायची, बोकडाचं लगीन लावायचं आहे काय, एवढी सोयरीक बघतेस. तू म्हणायचीस, मग, मुलीकडचे आम्हीच ना.

मग मला ताप आला. मोठा ताप, ज्यात केस गळतात. तू अमळनेरच्या दवाखान्यात माझ्या उशाशी बसून होतीस आणि बाप, जो एरवी डाळमिलमधून पंधरवड्यानं यायचा, तो मिल सोडून थेट टेकडीवरच्या देवीला गेला आणि बोलून आला. पोरगा उठू दे, घरातला सगळ्यात चांगला बोकड तुला देईन. मी उठलो. आता घरातला सगळ्यात चांगला बोकड कोणता हे सांगायला पंचांची गरज नव्हती. तुझा तो तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, ज्याच्या मायनं दोन पोरकी वाढवली होती. बाप माझ्यासाठी जे बोलला ते तुझ्यातून देऊन आला होता. यावर तू त्याला काही बोललीस का, मला कधी कळलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याजवळ द्यायला दुसरं काय होतं?

जत्रेच्या दिवशी सकाळी तू तांबड्याला हळद लावलीस, गळ्यात माळ घातलीस आणि निघालीस. मला नेलं नाहीस, ऊन लागेल म्हणून. आज सगळं डोळ्यांपुढे दिसतं. दुपार कलली आहे, मी दारात बसलोय, आणि बाभळींमधून तू येताना दिसतेस. हातात दोरी आहे आणि दोरीला बोकड आहे. माळ अर्धी त्यानं खाल्ली आहे. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. आबा, आपल्या गल्लीतले सगळ्यात जाणते, पुढे झाले आणि त्यांनी विचारलं ते मी विसरलो नाही.

"माय, तुले बोकड मोठा का पोऱ्या?"

तू दोरी दुसऱ्या हातात घेतलीस. त्यांच्या वयाचा मान राखून, खाली बघत म्हणालीस, "आबा, तठे रांग देखी मी. तालुकाना बठ्ठा चांगला बोकड एकाच रांगमा उभा व्हतात. मंग गावमा कोन राही?"

आबा पुन्हा ओट्यावर टेकले. मग तू देवीला काय सांगून आलीस तेही सांगितलंस. देवी, तुला दर साली चांगलाच पाहिजे ना, मग हा राहू दे, म्हणजे पुढे चांगले निपजतील. तुझा मान पुढल्या साली. नारळ ठेवून आलीस.

बाप त्या वेळी आठवडाभर तुझ्याशी बोलला नाही. पुढली जत्रा आली, तू पुन्हा नारळ घेऊन गेलीस, पुन्हा पुढला साल. त्या दोन सालांत गल्लीतल्या शेळ्यांना तांबड्याची पिल्लं झाली आणि ती पिल्लं बघून नावं ठेवणाऱ्या बायकाच संध्याकाळी आपली शेळी ओढत आमच्या दारी यायच्या, इकडेतिकडे बघत, जणू उसनं तिखट न्यायला आल्यात. तू काही मागायची नाहीस. कोणाला पाठी, तरण्या शेळ्या, अर्धेलीनं द्यायचीस, म्हणजे सांभाळ त्यांचा, एका वेताची पिल्लं त्यांची, एका वेताची आपली. अशी तुझी जनावरं बोरी नदीकाठच्या कितीतरी दारांत गेली. मला मात्र साधा खोकला आला तरी तू अंथरुणाशी येऊन कपाळाला हात लावायचीस आणि तो हात बराच वेळ तसाच असायचा. मी झोपेचं सोंग घ्यायचो. तू काहीतरी पुटपुटायचीस. एकदा नीट ऐकू आलं. "पोऱ्या बी राहू दे, बोकड बी राहू दे."

तूही चुकलीस, ते लिहितो, कारण तुला गोड गोड लिहिलेलं आवडलं नसतं. तांबडा तुला इतका आवडायला लागला की तू त्याला फार दिवस ठेवलंस. त्याच्या पोरी वयात आल्या आणि त्याच्याकडेच गेल्या. मग पिल्लं अशक्त व्हायला लागली, आणि एकाचा खालचा जबडा वाकडा निघाला, त्याला लुचताच येईना. तू बोंडल्यानं दूध पाजलंस, तरी गेलं. गावाला बरं सापडलं. देवी कोपली. तू मोटारसायकलवरून येणाऱ्या ढोरांच्या डॉक्टरांना थांबवलंस. ते भले माणूस, आपल्या चुलीपाशी उकिडवे बसून चहा प्यायले आणि म्हणाले, बाई, कोप वगैरे नाही, बाप आणि पोरी एकाच दावणीला आहेत, रक्तात रक्त मिसळलं, बोकड लांबच्या गावाला द्या आणि तिकडचा आणा. तू म्हणालीस, माणसांत एवढं गोत्र बघतो आम्ही, आणि आठे मीच आंधळी झाली. डॉक्टर हसले, तू हसली नाहीस.

आता खरी अडचण होती. तांबडा घरात ठेवायचा नाही हे ठरलंच. मग देवीला देऊन टाकला असता तर नवस फिटला असता, गाव गप्प झालं असतं, बापानं पुन्हा धरलेला अबोला सुटला असता. तू पारोळ्याच्या पलीकडच्या एका धनगराच्या हाती त्याची दोरी दिलीस आणि बदल्यात त्याचा काळा बोकड आणलास. नवसाचं जनावर जिवंत दुसऱ्या गावाला गेलं. त्या रात्री बाप जेवला नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यात तुला कावीळ झाली. अमळनेर झालं, धुळं झालं, झाडपाला झाला. तेराव्याला बाप सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलला, देवीनं आपला मान घेतला. त्याच बाजाराला त्यानं दावण रिकामी केली. अर्धेलीनं गेलेल्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यात दुसऱ्याचा वाटा होता. माय, ते वाक्य माझ्या मागे मागे फिरतं. मी म्हटलं ना हाक येते, ती हीच. माझ्या जिवावर नवस, तो फिटला नाही, आणि तू गेलीस. हिशेब कोणीही मांडावा. मी झांजा वाजवताना मांडला, ट्रकच्या टपावर झोपून मांडला.

गेल्या आठवड्यात धुळ्याच्या बाजारात, एसटीडी बूथच्या मागे जिथे आमचा ट्रक लागतो, तिथे जनावरं चढवताना हा आला. तांबडा, कपाळावर ठिपका, गळ्याखाली दोन बोटं. तशी बोटं खूप बकऱ्यांना असतात, मला कळतं. पण आणणारा म्हणाला पारोळ्याच्या पलीकडून, धनगराकडून घेतला. आपल्या तांबड्याचा नातूच असणार. मी दोरी हातात धरली ती सोडलीच नाही. मालकाला म्हटलं माझ्या मजुरीत धरा आणि मला जाऊ द्या. तो म्हणाला, काय करशील भो याचं? मी म्हटलं, देवीला नेतो, मायचा नवस राहिलाय. त्यानं हात जोडले. मला वाटलं संपलं, आता हाक बंद होणार.

फागण्यापर्यंत ट्रकनं सोडलं, पुढे पायी. वाटेत मी भरकटलो, ते तुला सांगायला नको. पारोळ्यात किल्ल्याच्या भिंतीवर याला चढवून बसलो, एका लग्नात जेवलो. टेकडीचा फाटा आला तेव्हा म्हटलं, आधी याला पाणी पाजावं. फाट्यालगतच्या गावात एका घरी गेलो, तर दारात काळी शेळी आणि तिला तीन पिल्लं लुचतायत. घरची म्हातारी म्हणाली, दोन तिची, एक पोरकं, या वाणाच्या शेळ्या लाथ मारत नाहीत. मी वाण कुठलं विचारलं. म्हणाली, अर्धेलीनं आली होती हिची आजी, एका बाईकडून, ती बाई लवकर गेली बिचारी, तिचं वेत द्यायचं राहिलं. मी सांगितलं नाही कोण ते. शेळीच्या गळ्याखाली हात घातला. दोन बोटं.

म्हातारी याच्याकडे बघत म्हणाली, चांगला बोकड आहे, राहू दे दोन दिवस, माझ्या शेळ्या माजावर आहेत. आणि माय, मी तुझ्यासारखा बोललो. म्हटलं, नको आजी, रक्त एकच निघेल, तुमच्यासाठी दुसरा बघू, याला लांब नेतो. मग याला घेऊन निघालो आणि ज्या गावात तुझं कोणी गेलं नाही अशा गावाला आलो. आता इथे आहे, शाळेच्या ओट्यावर. कालपासून बायका शेळ्या ओढत आणतायत.

मघाशी एक आबा काठी टेकत आले, याला चहूबाजूंनी बघून मालकाची चौकशी केली, "भो, कोना शे हाऊ बोकड?"

मी म्हटलं, "मनी मायना."

कुठे चालवलाय, त्यांनी विचारलं. देवीला, मी सांगितलं. कधी? आणि माझ्या तोंडून गेलं, पुढला साल.

माय, कागद घडी करून खिशात ठेवतो, धाडायला जागा नाही. एकच कबूल करतो. फाट्यावरून मी एकदा गेलो नाही, दोनदा गेलो. दुसऱ्यांदा मुद्दाम मागे फिरून बघायला गेलो होतो, याला घेऊन टेकडीकडे वळवतं का मला. नाही वळवलं. भीती वाटते अजून, पुढला साल म्हणताना जीभ कोरडी पडली. तुझीही दर साली पडत असणार, आणि तरी तू नारळ ठेवून, याच्या आज्याला घेऊन, त्या बाभळींमधून घरी यायचीस.