अबोलीवरची साल

अहो,

बाळ निजलंय तेवढ्यात लिहिते. उठलं की त्याला न्हाऊ घालायला शेजारच्या अंबूबाईंकडे नेईन. भाकरी दुरडीत झाकली आहे.

तुम्ही वखारीतून आणलेली झाडांची साल सकाळी आईंच्या अबोलीच्या वाफ्यात जाड पसरली. आता तण डोकं काढणार नाही, आणि ओल्या बाळंतपणात मला खुरपायला बसावं लागणार नाही, म्हणून खुशीत होते. एवढ्यात मामंजी काडी पेटवून आले.

"राब बेस टाकलास गो, सूनबाय. देतो पेटवून."

पेरणीआधी भाताच्या वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब जाळण्यात त्यांचा जन्म गेला. हल्ली नजरही अधू झालीय, त्यांना तेच वाटलं. मी ओरडले, "मामंजी, राब नाय तो! खाली आईंची अबोली हाय!"

काडी विझवून म्हणतात, "मंग साल कशाला? थंडी वाजती काय अबोलीला?"

मला हसू आलं, पण ते खाली बसून अबोलीचं एकेक पान चाचपू लागले. आई गेल्यापासून त्या वाफ्याशी ते रोज बोलतात. सुदैवानं एक पानही होरपळलं नाही. ते मात्र तेव्हापासून जेवलेले नाहीत.

तुम्ही हसू नका. जेवायला पानावर त्यांना तुम्हीच हाक मारा. आणि उरलेली साल शेवंतीला घालायची आहे, ती त्यांनाच घालू द्या.