माळ्यावरची काठी

ता. २ फेब्रुवारी

चि. चिमी हिस,
अ. उ. आ.

तू परीक्षा पास झालीस, हे आईकडून कळलं. शाब्बास! घरं विकायच्या परवान्यासाठी पुस्तकं उघडून बसलीस तेव्हा मी तुला 'वकीलबाई' म्हणून चिडवलं, ते मागे घेतो. आमच्या वेळी या धंद्याला पायात दम आणि तोंडात साखर एवढंच लागायचं. आता महिनाअखेरीनंतर परवान्याशिवाय एकही व्यवहार करता येणार नाही म्हणे. असो. परवाना घरात आला, हे महत्त्वाचं.

तो माझ्या ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर लाव. पाटीवर तुझं नाव, धावपळ माझी. पहिलं काम घरचंच आहे, आईचं घर विकायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे हे असे. ती आमच्याकडे येईल, मागची खोली मोकळीच आहे. गिऱ्हाईकसुद्धा मिळालंय, दातांचे डॉक्टर. मंगळवारी आई गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेली होती, तेव्हा माझ्या किल्लीने दार उघडून त्यांना घर दाखवलं.

तुझ्या पुस्तकात नसेल अशी एक गोष्ट सांगतो. घरात म्हातारं माणूस राहतं हे गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, नाहीतर त्याला घरही म्हातारं वाटायला लागतं. आईची औषधं खोक्यात भरली, कपाट सरकवून भिंतीची ओल झाकली, तिची घरातली काठी माळ्यावर टाकली. खोल्या कशा ऐसपैस दिसायला लागल्या! दुपारी शेजारी वेल्डिंग सुरू होतं, म्हणून सकाळीच नेलं. डॉक्टर खूश. घाईत काठी खाली काढायची राहिली, पुढच्या खेपेला काढीन. आईला अजून काही सांगितलेलं नाही, उगाच जिवाला घोर लावून घेईल.

परवाना घेऊन लवकर निघ. वहिनी आठवण काढते. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा
दादा


ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहायचा म्हणून लिहिलाय, हात जोडावेत असं तू काही केलेलं नाहीस. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून हे पत्र. आधी पूर्ण वाच, मग हवं तर फाड.

काठी माळ्यावर? दादा, आईची काठी? पलंगावरून उठून मोरीपर्यंत ती कशी जाते, हे तुला मी सांगायला हवं? आणि वर घाईत राहिली म्हणतोस! छत्री राहावी तसं लिहिलंयस. वाचून माझं डोकं सणकलं. दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसले मी, तुझ्या वाटणीचं त्यांनी ऐकून घेतलं.

दोन वर्षं मी ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून स्वयंपाक केलाय. मापं घ्यायचा सराव करायला आईकडे आले, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरून ती माझ्याबरोबर खोल्या-खोल्यांतून फिरली. आणि तू दारात उभा राहून हसत होतास, की वकीलबाई आता आमच्या भिंतीही मोजणार. त्याच वकीलबाईचा परवाना आता तुला भिंतीवर हवाय!

त्या पुस्तकातला पहिला धडा सांगते. मालकाला विचारल्याशिवाय घर कुणाला दाखवायचं नाही. पहिलाच धडा आहे, दादा. इतकी वर्षं धंदा केलास आणि तिथवरही पोचला नाहीस. आईला ते घर सोडायचं नाही. मी तिची मुलगी आहे, मला न सांगता कळतं. बाबांची खुर्ची तिथे आहे, खिडकीतला तिचा कोपरा तिथे आहे. तुझ्या मागच्या खोलीत जुन्या पाट्या आणि फाटक्या गाद्या आहेत, त्यांत आईची भर नको.

माझा परवाना तुझ्या भिंतीवर लागणार नाही. तिथे कॅलेंडर लाव. वहिनीला नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही, ते काठी खाली आल्यावर बघू.

तुझी
चिमी


ता. १२ फेब्रुवारी

चि. चिमी हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र फाडलं. मग वहिनीला वाचायचं होतं म्हणून तुकडे जुळवले आणि नको असताना मलाही पुन्हा वाचावं लागलं.

काठी काढायला गेलो होतो. ती माळ्यावर नव्हती, आईच्या हातात होती. कुणी काढून दिली ते सांगत नाही, माझ्याशी धड बोलत नाही. तूच कान भरलेस ना तिचे? वाटलंच होतं.

आता ऐक. त्या परीक्षेला मीही बसलो होतो, दोनदा. कुणाला सांगायचं नाही अशी वहिनीला तंबी दिली होती. माझ्या मुलाच्या वयाची पोरं भराभरा लिहून निघून गेली आणि मी घाम पुसत बसलो. मी विकलेल्या घरांत अर्धं गाव नांदतंय, आणि मी नापास! महिनाअखेरीला शटर खाली ओढावं लागणार. सख्ख्या बहिणीने हात द्यायचा, तर ती मला धडे शिकवते.

आणि आईचं मला सांगू नकोस. तू महिन्यातून एकदा येतेस, लाड करून घेतेस आणि जातेस. जिन्यात तिच्या मागे मी उभा असतो. प्रत्येक पायरीला ती कण्हते ते मी ऐकतो. तुला माहेर जसंच्या तसं हवंय, म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावर अडकून पडायचं? आईला काय हवंय ते मला माहीत आहे. डॉक्टरांना मी शब्द देणार आहे.

रागावलोय, पण भाऊ आहे, हे विसरू नये.

दादा


ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईला मी अवाक्षर बोललेले नाही. परीक्षेचं वाचून वाईट वाटलं, खरंच. मला सांगितलं असतंस तर मी शिकवलं असतं. पण त्याने राग तसूभरही कमी झालेला नाही.

शब्द देण्याचे कष्ट घेऊ नकोस. आपल्या गावात दातांचे डॉक्टर आहेत असे किती? दुसऱ्याच फोनला सापडले. घर विकायचं नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. कपाटामागची ओल सांगितली, वेल्डिंगचंही सांगितलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मी बोलू दिलं नाही. विषय संपला.

कळावे. जास्त लिहिलं तर भांडणच होईल.

चिमी


ता. २० फेब्रुवारी

चि. दादा आणि चि. चिमी यांस,
अ. उ. आ.

हेच पत्र दोनदा उतरवून दोघांना धाडलंय. त्याला काय लिहिलं आणि तिला काय लिहिलं, हे नवं भांडण नको. चिमीची पत्रं वहिनीने मला वाचून दाखवली, फाटलेलं सुद्धा.

त्या मंगळवारी दवाखान्यातून आले, तर घरातली काठी जागेवर नाही, औषधं खोक्यात, कपाट भलतीकडे. वाटलं चोर येऊन गेले. भिंत धरधरून मोरीत गेले, परत आले, तोच बेल वाजली. दारात एक गृहस्थ. सकाळी घर बघायला आलो होतो, चष्मा विसरलो, म्हणाले. इथे कुणी राहतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतके ओशाळले, की मीच बसा म्हटलं. माळ्यावरून काठीचं टोक दिसत होतं. स्टुलावर चढून ती त्यांनी काढून दिली. मग चहा झाला. कपाट बाजूला करायला लावून ओल मीच दाखवली. वेल्डिंग तर त्यांनी बसल्या बसल्या ऐकलं. तरी घर आवडलं म्हणाले. मला माणूस आवडला. मुलांना विचारून कळवते, असं मी त्यांना सांगितलं.

होय, मी तुम्हांला विचारणार होते! कुठून सुरुवात करावी ते जुळवत होते. तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला, की तुमच्या मुलीने नकार कळवलाय.

माझं घर एकाने मला न विचारता विकायला काढलं आणि दुसरीने मला न विचारता विकायचं बंद केलं. मी घरात आहे की भिंतीला टेकवलेली आहे?

दादा, जिन्यात माझ्या मागे उभा राहतोस, पण कधी विचारलं नाहीस, की आई, तुला कुठे राहायचंय. चिमे, गुडघे ठणकत असताना टेपचं टोक धरून मी सगळ्या खोल्या फिरले. वाटलं, शेवटच्या खोलीत तरी विचारशील, आई, विकायचंय का गं हे? तू म्हणालीस, टोक नीट धर.

मला जिना नको झालाय. मला तळमजल्यावर दोन खोल्या हव्यात, माझ्या एकटीच्या. मागची खोली नको आणि माहेर म्हणून जपून ठेवलेलं घरही नको. डॉक्टरांना मी थांबायला सांगितलंय.

रविवारी सकाळी दोघं या. काम कुणाला द्यायचं, ते ऐकून घेऊन मी ठरवीन. चिमे, दादाला तो पहिला धडा शिकव, पण आधी स्वतः नीट वाच. किल्ल्या दोघांनी परत आणायच्या. त्या किल्ल्यांनी दार उघडायचं नाही. बेल वाजवा. मला उठायला वेळ लागतो, तोवर बाहेर उभे राहा.

माया आहे ती आहेच, ती कुणी विकायला काढलेली नाही.

घरमालकीण,
म्हणजे तुमची आई