राजश्रीचं वजन

९ नोव्हेंबर १९९७
राज्य स्पर्धेसाठी मुलींचा कबड्डी संघ आज निवडला. सकाळी सातपासून तालमीच्या माडीवर, म्हणजे आमच्या जिल्हा असोसिएशनच्या ऑफिसात. ऑफिस कसलं, एक कपाट, दोन खुर्च्या आणि मी, सहचिटणीस. शाळेत पीटी घ्यायची आणि उरलेल्या वेळात हे.
आमचा वजनकाटा नेमका आजच मोडायचा होता. खजिनदार अण्णांनी मार्केट यार्डातून ओळखीच्या अडत्याचा काटा टेम्पोत घालून आणला. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायचा, चांगला दणकट.
मर्यादा पंचावन्न किलो. धास्ती एकाच पोरीची, शिरोळच्या राजश्रीची. चढाईला तिच्या तोडीची जिल्ह्यात दुसरी नाही, आणि वजन कायम काठावर. दोन दिवस अर्ध्या भाकरीवर होती. काटा चोपन्न आठशेवर थांबला. "बसलं की बाई!" म्हणून तिनं मलाच उचललं. माझं वजन किती, हे तेव्हा कुणी बघितलं नाही ते बरं.
आजऱ्याच्या मुलीचा वयाचा दाखला अजून नाही. उद्या परत फोन.

१३ नोव्हें.
स्पर्धेच्या गावी. सकाळी वजनं. राजश्री पंचावन्न तीनशे.
पंचांना म्हटलं, परत घ्या. घेतलं. तेच. तासभर मुदत मिळाली. अंगात दोन स्वेटर घालून तिला पळवली, थुंकायला लावली. पंचावन्न दोनशे. नियम तो नियम, मीच शिबिरात शिकवते. बाद.

१५ नोव्हें.
सेमीफायनलला दोन गुणांनी हरलो. पोरी मरेस्तोवर खेळल्या. पण शेवटच्या चढाईला माझी नजर आपोआप बाहेर गेली. ती बॅगेवर बसली होती, बूट बांधलेले. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. जिल्हा फायनलला गेलेला मी एकदाही पाहिलेला नाही, तो हिच्या जिवावर बघणार होते.

१६ नोव्हें., परतीच्या एसटीत
कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाली, "येताना हिनंच हादडलं असणार." पोरी हसल्या. मी गप्प करायला हवं होतं. उलट मीच विचारलं, "काय खाल्लंस गं?"
"कायबी न्हाय बाई."
मी "बरं" म्हणाले. विश्वास ठेवला नाही, आणि तिला ते दिसलं.

१४ डिसेंबर
चौथा रविवार, राजश्री सरावाला नाही. शिरोळला जाऊन आले. उसाच्या फडातून वाट, ट्रॉल्यांनी उखडलेली. तिचे अप्पा दारातच भेटले. म्हणाले, "बाई, सगळं गाव पोरीला खादाड म्हनतंय. आता फुरं झालं. पावणं बघाय येनार हाईत." तिच्या आईनं, अव्वानं, चहा दिला. राजश्री आतूनच म्हणाली, "बाईंना सांग, मी न्हाय येत."
येताना रागच आला. एवढ्या तेवढ्यावरून खेळ सोडतात होय! घरी आल्यावर राग गेला. संध्याकाळच्या मैदानावर तिचा तो एका दमातला "कबड्डी कबड्डी" ऐकू येत नाही, आणि माझं लक्ष लागत नाही. स्वतःची लेक नाही, म्हणून असेल. असू दे. मला ती परत हवी आहे.

११ जानेवारी १९९८
शालेय गटाची वजनं होती. अण्णांनी तोच काटा आणला, या वेळी अडतीवरचे हमाल मामा बरोबर. पहिली पोर काट्यावर चढायला गेली तसे मामा ओरडले, "थांबा, थांबा! बारदानाचं सरळ करू दे."
म्हटलं, म्हणजे काय?
"रव्याला पोतं आसतंय न्हवं? त्याचं अर्धा किलो आदीच कमी धरून काटा मागं लावल्याला आस्तोय. मानूस तोलायचा तर फुडं घ्याय लागतोय. मागच्या बारीला घेतला न्हवता व्हय?"
नव्हता. नोव्हेंबरात मामा नव्हते. अण्णांना माहीत नव्हतं, मी विचारलं नव्हतं. माणूस म्हणून नाही, पोत्यातला गूळ म्हणून तोलली पोरीला.
म्हणजे ती निवडीच्या दिवशीच पंचावन्न तीनशे होती. खरं कळलं असतं तर चार दिवसांत तेवढं सहज उतरवलं असतं तिनं.

१२ जाने.
अण्णांशी बोलले. म्हणाले, "गप ऱ्हावा बाई. कागद राज्याला गेला तर आपल्या निवडीवर बोट ठेवतील. फुडच्या वर्साची राज्य स्पर्धा आपल्याकडं मागितलीया." अण्णा वाईट माणूस नाही. गेल्या महिन्यात पाच तालुक्यांना सरावाचं साहित्य त्यांनीच स्वतः फिरून पोचवलं.
गप्प राहिले. स्पर्धा होऊ दे, मग सांगते.

३ मे
राजश्रीचं लग्न. हातकणंगल्याजवळ दिली. आज सांगायचंच म्हणून गेले. हळदीच्या अंगानं ती वाकली आणि माझा धीर गेला. "सुखी राहा" म्हणाले. जेवून आले. जेवण गोड लागलं नाही.

२२ नोव्हें. १९९९
राज्य स्पर्धा आपल्याकडं झाली. मंडप, पंच, राहण्याची सोय, सगळं चोख. सगळ्यांनी पाठ थोपटली. आपल्या मुली साखळीतच गारद. आता सांगायला काय हरकत? पण आता तिला काय उपयोग, असं स्वतःला समजावलं. भित्र्याला कारणं पुष्कळ.

१८ ऑगस्ट २००३
मीटिंग. हातकणंगल्यात मुलींचं सराव केंद्र काढायचं ठरलं. जागा शाळेची, साहित्य आपलं. शिकवायला बाई पाहिजे. कुणीतरी म्हणालं, ती शिरोळची राजश्री तिकडंच दिली आहे ना? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान डोलावली. सहा वर्षं आमच्या सरावाच्या मैदानात मी दर संध्याकाळी तिला शोधते, हे यांना कुठं ठाऊक.

२७ ऑगस्ट
गेले. राजश्री म्हशीला पेंड घालत होती. अंगानं भरली आहे, पण पावलं तीच, टाच न टेकता चालते. पोरगी चार वर्षांची, तशीच चालते. सासूबाई म्हणाल्या, "बाई आल्यात, च्या टाक की."
आधी केंद्राचं बोलू, मग बाकीचं, असं घोकून गेलते. पण चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. काटा, बारदान, अर्धा किलो.
ती म्हणाली, "जाताना एसटीत अर्धा पेढा खाल्लेला मी. तुमच्यासंगट खोटं बोललो. मला वाटायचं, त्या पेढ्यानंच घालवलं समदं."
अर्धा पेढा! त्याचं वजन ते किती! आणि पोर सहा वर्षं तेवढ्यावर स्वतःला गुन्हेगार ठरवून बसली. मला रडू आलं. तिला नाही आलं.
"तुमाला कवा कळलं?"
"त्याच जानेवारीत."
"मग तवाच का बोलला न्हाईसा?"
"असोसिएशनची बदनामी झाली असती."
"असोसिएशन म्हंजे कोन ओ, बाई?"
तिनं चिडून विचारलं नाही. खरंच विचारलं. मी कपबशी धरून बसले.
निघताना केंद्राची वेळ सांगितली, रविवारी सकाळी सात. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पोरीला कडेवर घेऊन बांधापर्यंत सोडायला आली.

३१ ऑगस्ट
शाळेचं मैदान. साडेसहालाच येऊन रेषा मारून घेतल्या. अकरा मुली आल्या, दोघी अनवाणी. पाऊण तास मीच व्यायाम घेतला. डोळे सारखे रस्त्याकडं. दुधाच्या दोन गाड्या गेल्या, एक सायकलवाला गेला.
आठ वाजले. एक मुलगी म्हणाली, "बाई, शिकवनाऱ्या ताई कवा येनार? उशीर केला की त्यांनी."
"त्यांनी नाही," म्हटलं, "मी केला." आणि सगळ्यांना मैदानाला आणखी पाच फेऱ्या मारायला लावल्या.